‘ती मुद्दाम करतेय का?’ : मेंदूची ऑटोइम्यून सूज, मुलांचं वागणं आणि हालचाली

प्रश्न असा आहे. इंदूरच्या लोकमान्य नगरातली नऊ वर्षांची मुलगी. विचारणारी तिची आत्या. गणपतीत दोन दिवस ताप येऊन गेला. आठवडाभरानं मुलीची झोप उडाली. कारण नसताना किंचाळणं, आईला ढकलणं आणि लगेच तिलाच बिलगणं, एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणणं सुरू झालं. मनोविकारतज्ज्ञांनी औषध दिलं, त्यावर ती अंगानं ताठ झाली. आता बोलणं बंद आहे, तोंड सारखं चघळल्यासारखं हलतं, बोटं वळवळतात, एकदा झटका येऊन गेला. एमआरआय नॉर्मल आला, तरी डॉक्टर म्हणतात मेंदूला ऑटोइम्यून सूज आहे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूवर उलटली आहे. घरात एक गट म्हणतो नाटक करतेय, दुसरा म्हणतो बाधा उतरवायला जावऱ्याला हुसैन टेकरीच्या दर्ग्यावर न्या. आत्याबाई विचारतात : एमआरआय नॉर्मल तर सूज कशी? ती हे मुद्दाम करते का? आणि पूर्वीसारखी होईल का?

उत्तर :

ताई, मुद्दाम करत नाही. हे आधी सांगून टाकतो, कारण तुमच्या घरातला खरा वाद यावरच चालला असणार. नऊ वर्षांची पोर रात्र-रात्र जागून, बोलणं सोडून, जीभ चावून रक्त काढण्याचं नाटक आठवडाभर वठवू शकत नाही. मोठ्या नटालाही ते जमणार नाही. मी तिला तपासलेलं नाही, त्यामुळे शेवटचा शब्द तिच्या डॉक्टरांचा. पण तुम्ही लिहिलेला क्रम वाचून त्यांचं म्हणणं मला पटतं. आधी झोप गेली, मग वागणं बिघडलं, मग बोलणं थांबलं, मग झटका आणि हालचाली आल्या. हा क्रम मुलांच्या मेंदूविकाराच्या डॉक्टरांना आता तोंडपाठ असतो.

मेंदूच्या ऑटोइम्यून सुजांच्या गटातला मुलांमध्ये पुष्कळदा सापडणारा आजार म्हणजे एनएमडीए रिसेप्टरविरुद्धच्या प्रतिपिंडांचा (अँटिबॉडींचा) एन्सेफलायटिस, म्हणजे मेंदूची सूज. २००७ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या जोसेप दाल्माउ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो नीट ओळखून मांडला. त्याच्या आधी अशी मुलं कुठे जायची? काहींच्या कागदावर ‘व्हायरल मेंदूज्वर’ लिहिलं जायचं, काही मनोरुग्णांच्या वॉर्डात पोचायची, काहींना झाडून-फुंकून घ्यायचे. आजार तेव्हाही होताच, रक्तात आणि पाठीच्या पाण्यात (मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात) काय शोधायचं ते ठाऊक नव्हतं.

आता एमआरआयचं. एनएमडीए रिसेप्टर हे मेंदूच्या पेशींवरचे संदेश घेणारे बिंदू. शिकणं, आठवण, भावना, हालचालींवरचा ताबा या सगळ्यांत त्यांचं काम. शरीराची प्रतिकारशक्ती चुकून त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंड बनवते. हे प्रतिपिंड पेशी मारत नाहीत. रिसेप्टरला चिकटून त्याला पेशीच्या पृष्ठभागावरून आत ओढतात. म्हणजे घराचं वायरिंग शाबूत आहे, फ्यूज तेवढे कुणीतरी काढून ठेवलेत. एमआरआय वायरिंगचा फोटो काढतो. फोटो चांगला येतो आणि घरात मात्र अंधार. या आजारात निम्म्याहून अधिक रुग्णांचा एमआरआय नॉर्मल असतो. त्याच्यावरून ‘काही नाही’ म्हणून मुलीला घरी पाठवायचं नसतं. उलट पेशी जिवंत आहेत, हीच बरं होण्याची आशा. प्रतिपिंड हटले की रिसेप्टर परत पृष्ठभागावर येतात.

वागणं आणि हालचाली हे दोन वेगळे आजार नाहीत, हे कळण्याचा एक सोपा रस्ता आहे. भूल देणारे डॉक्टर केटामिन नावाचं औषध वापरतात. ते याच एनएमडीए रिसेप्टरला अडवतं. थोड्या मात्रेत माणूस भलतंच बघतो, ‘मी इथे नाहीच’ असं म्हणतो. मात्रा वाढली की डोळे उघडे ठेवून नुसता एकटक पाहत राहतो, हाक मारली तरी ओ देत नाही. तुमच्या भाचीच्या बाबतीत हीच अडवणूक औषधानं नव्हे तर तिच्या स्वतःच्या प्रतिपिंडांनी केली आहे, आणि ती तासाभरात उतरत नाही. बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयातला क्नूट नावाचा पांढरा अस्वल २०११ मध्ये लोकांच्या डोळ्यांदेखत पाण्यात कोसळून मेला. २०१५ मध्ये शास्त्रज्ञांनी तपासून सांगितलं की त्याला हाच आजार होता. अस्वलाला बाहेरची बाधा झाली असं काही कुणी म्हटलं नव्हतं.

वागण्यातला बदल मोठ्या माणसात आणि मुलात सारखा दिसत नाही. मोठ्यांना भास होतात, संशय येतो, घरचे सरळ मनोविकारतज्ज्ञाकडे नेतात. लहान मूल ‘मला भास होतात’ असं सांगत नाही. ते हट्टी होतं, चावतं, वस्तू फेकतं, मधेच हसतं, सात वर्षांचं असून तीन वर्षांच्या मुलासारखं वागायला लागतं. म्हणून सुरुवातीचे चार-आठ दिवस ‘लाडावलीय’, ‘शाळेत काहीतरी झालंय’ यात जातात. मी आई-वडिलांना तीन गोष्टी विचारतो : झोप कशी होती, बोलणं किती कमी झालं, आणि नवं काही शिकलेलं विसरली का. झोपेचं बहुतेकांना विचारल्यावरच आठवतं. ‘हो, दोन रात्री नुसती बसून होती, आम्हाला वाटलं ताप गेल्यामुळे.’

आणि मी शाळेच्या वह्या मागवतो. हिंदीची किंवा गणिताची, कुठलीही रोजच्या लिखाणाची. तारखेवार पानं उलटली की आजाराची सुरुवात पुष्कळदा हातात सापडते. पंधरा तारखेपर्यंत ओळीत बसलेलं अक्षर. अठराला समासाच्या बाहेर. एकवीसला एकच शब्द चार वेळा, मग अर्धवट काना, मग रेघोट्या. वर बाईंचा लाल शेरा, ‘नीट लिही’. त्या वेळी घरात कुणालाच आजार दिसलेला नसतो. तुमच्या भाचीच्या वह्या असतील तर डॉक्टरांना दाखवा. ऑटोइम्यून आजार काही दिवसांत किंवा आठवड्यांत चढतो, वर्षानुवर्षं हळूहळू नाही, आणि वही हा वेग फार प्रामाणिकपणे सांगते.

आता हालचालींकडे. ओठ मुडपणं, जीभ बाहेर-आत, जबडा एका बाजूला खेचणं, चघळणं हे सगळ्यांत ठळक. दात ओठांवर इतके बसतात की जखमा होतात, तोंडात मऊ पट्टी ठेवावी लागते. बोटं पेटी वाजवल्यासारखी एकामागून एक हलतात. पाय सायकल मारतात. कधी पाठ धनुष्यासारखी ताणली जाते, मान मागे जाते. मधेच हे सगळं थांबतं आणि मूल गोठतं : हात वर उचलून सोडला तर तसाच हवेत राहतो. याला आम्ही कॅटाटोनिया म्हणतो. एकाच दिवसात एकाच मुलात अति हालचाल आणि अजिबात न हालणं दोन्ही दिसणं हे या आजाराचं मोठं लक्षण आहे. गंमत अशी की मूल हाकेला ओ देत नाही, नजर कुठेही स्थिरावत नाही, तरी तोंड चालूच असतं.

घरचे या सगळ्याला ‘फिट्स’ म्हणतात, आणि कधी-कधी वॉर्डातही तसंच होतं. मग झटक्यांची औषधं एकावर एक चढतात, मूल गुंगीत जातं, हालचाली मात्र तशाच. खरे झटकेही या आजारात येतात, तुमच्या भाचीला आलाच. कुठली हालचाल झटका आणि कुठली नाही, हे व्हिडिओसकट केलेल्या ईईजीत, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरींच्या आलेखात, कळतं. बहुतेक मुलांचा ईईजी मंदावलेला, बिघडलेला असतो. मला एमआरआय आणि ईईजी यांतलं एकच मिळणार असेल तर अशा मुलात मी आधी ईईजी मागेन.

तुम्ही एक काम करू शकता. मोबाईल आडवा धरा, पूर्ण अंग चौकटीत घ्या, खोलीत उजेड ठेवा, मिनिट-दीड मिनिट काढा. तोंडाचा आणि हातांचा एक-एक जवळून. हाक मारतानाचा एक, आणि गाढ झोपेतला एक. मागे टीव्ही चालू नको, कुणी रडत ‘बाळा, बोल ना’ म्हणू नये. राउंडच्या पाच मिनिटांत मुलगी शांत असली तर हे व्हिडिओच आमचे डोळे होतात.

मनोविकारतज्ज्ञांवर रागावू नका. पहिल्या आठवड्यात समोर फक्त बिघडलेलं वागणं असतं. पण औषधानंतर ती ताठ झाली हे तुम्ही लिहिलंत ते महत्त्वाचं आहे. या आजारातली मुलं हॅलोपेरिडॉलसारख्या मनोविकारांवरच्या औषधांनी फार लवकर बिघडतात : अंग कडक होतं, ताप चढतो, स्नायूंचा एन्झाइम सीपीके वाढतो. चिडचिड आणि जागरण आवरायला आम्ही शक्यतो लोराझेपाम किंवा क्लोनाझेपाम, क्लोनिडिन, झोपेसाठी मेलाटोनिन यांच्याकडे वळतो. गोठलेपणातही लोराझेपाम कामाला येतं. कुठलं औषध, कोणत्या तारखेला, किती दिलं याची चिठ्ठी फाईलमध्ये लावा. आणि मनोविकारतज्ज्ञांना सोडू नका, पुढे वर्षभर त्यांची गरज लागणार आहे.

पाठीतलं पाणी काढायला तुमच्या घरी नाही म्हणाले असतील तर तो गैरसमज आधी काढा. ‘पाठीत सुई घातली की पाय जातात’ हे मी माळवा-निमाडात रोज ऐकतो, खरगोनच्या शेतकऱ्याकडून आणि इंदूरच्या इंजिनिअरकडूनही. मज्जारज्जू कमरेच्या वरच्या मणक्यांपाशीच संपतो. सुई त्याच्या बरीच खाली जाते, तिथे नुसते पाण्यात तरंगणारे मज्जातंतू असतात. हे पाणी या आजारात रक्तापेक्षा जास्त खरं बोलतं : रक्तात प्रतिपिंड न सापडलेल्या रुग्णांच्या पाण्यात ते सापडू शकतात. म्हणून दोन्ही नमुने पाठवतात. शिवाय हर्पीससारखा विषाणू नाही ना, हेही त्याच पाण्यातून कळतं. प्रतिपिंडांचा नमुना बऱ्याचदा बाहेरगावच्या लॅबला जातो, रिपोर्टला दिवस लागतात. संसर्ग नाही याची खात्री पटली आणि चित्र जुळत असलं, तर उपचार रिपोर्टसाठी थांबवत नाहीत. मुलीच्या पोटाची सोनोग्राफीही करतील. मोठ्या मुलींमध्ये बीजाशयातली टेराटोमा नावाची गाठ या आजाराचं मूळ असू शकते. बारा वर्षांखालच्या मुलींत ती विरळा, तरी बघून घ्यायची.

उपचाराची पहिली पायरी म्हणजे मिथाइल प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड शिरेतून, किलोमागे ३० मिलिग्रॅम, दिवसाला १ ग्रॅमच्या वर नाही, ३ ते ५ दिवस. सोबत किंवा पाठोपाठ आयव्हीआयजी, म्हणजे दात्यांच्या रक्तातून काढलेले प्रतिपिंड, एकूण किलोमागे २ ग्रॅम. मूल २५ किलोचं असेल तर ५० ग्रॅम, म्हणजे ५ ग्रॅमच्या दहा बाटल्या. खर्च इथेच फुगतो. आयुष्मान कार्ड असेल तर भरतीच्या दिवशीच त्या काउंटरवर जाऊन बसा, बाटल्या लागल्यावर नाही. काही ठिकाणी प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, बदलतात, पण हातपाय झाडणाऱ्या मुलात त्यासाठीची शिरेतली मोठी नळी सांभाळणं सोपं नसतं. दोन आठवड्यांत ठोस फरक पडला नाही तर दुसऱ्या पायरीची औषधं, बहुतेक वेळा प्रतिकारशक्ती दाबणारं रिटुक्सिमॅब. त्याआधी हिपॅटायटिस बी तपासतात, आणि आपल्याकडे टीबीचाही विचार करावाच लागतो. स्टेरॉइडनं चेहरा सुजेल, भूक वाढेल, आणि चिडचिडही वाढू शकते. ती आजाराची की औषधाची, हे ठरवताना आमचाही कस लागतो.

आयसीयू म्हटलं की लोक घाबरतात. वागण्याच्या आजाराला आयसीयू कशाला, असं मला एका आजोबांनी रागानं विचारलं होतं. कारण हाच आजार नाडी, रक्तदाब, ताप आणि श्वास यांचाही ताबा सोडवतो. नाडी सकाळी दीडशे, दुपारी पन्नास. श्वास मधेच थांबतो. मॉनिटर त्यासाठी.

आता जावऱ्याचं. श्रद्धेशी माझं भांडण नाही. घरच्यांनी दर्ग्यात, राममंदिरात, खजराना गणपतीला जे मागायचं ते मागावं. पण जिचा श्वास मधेच थांबू शकतो, जिला गिळताना ठसका लागतो, त्या मुलीला सलाईन काढून रतलामच्या पुढे गाडीतून नेणं, धुरी देणं, उपाशी ठेवणं याला मी स्पष्ट नाही म्हणतो. घरातल्या मोठ्यांना सांगा, ती बरी झाली की तिला घेऊन जा आणि चादर चढवा. हे मी अनेकांना सांगितलंय, आणि बहुतेक आजी-आजोबा ऐकतात.

तिच्या डॉक्टरांनी इतर शक्यता नक्कीच तपासल्या असतील, पण हे उत्तर वाचणाऱ्या इतरांसाठी एका आजाराबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण आपल्या भागात तो अजून बराच दिसतो आणि त्याचा उपचार स्वस्त आहे. सिडनहॅम कोरिया, म्हणजे हातपाय आपोआप वेडेवाकडे हलण्याचा आजार. घशाला स्ट्रेप्टोकॉकस जंतूचा संसर्ग होतो, त्याच्याविरुद्ध बनलेले प्रतिपिंड मेंदूच्या हालचाल सांभाळणाऱ्या भागावर उलटतात. पाच ते पंधरा वयात, मुलींमध्ये जास्त. इथे मूल शुद्धीवर असतं, बोलतं, झटके बहुधा येत नाहीत. ते रडवेलं होतं, एकाच गोष्टीचा ध्यास घेतं, हातातून कप पडतो, अक्षर बिघडतं, वर्गात ‘चुळबुळ करते’ म्हणून उभं केलं जातं. मी मुलाला माझी दोन बोटं घट्ट धरायला सांगतो. पकड एकसारखी राहत नाही, आवळते, सुटते, आवळते, दूध काढताना हात चालतो तशी. जीभ बाहेर काढून ठेवायला सांगितली तर ती क्षणात आत पळते. घसा दुखून काही महिने झालेले असल्यामुळे एएसओ (या जंतूचा संसर्ग दाखवणारी रक्ततपासणी) नॉर्मलही येऊ शकतो. अशा प्रत्येक मुलाचा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायलाच हवा, कारण हृदयाच्या झडपा बिघडलेल्या असू शकतात आणि स्टेथोस्कोपला त्याचा पत्ता नसतो. कोरिया काही महिन्यांत ओसरतो, पण घशाचा तो संसर्ग पुन्हा होऊन हृदय बिघडू नये म्हणून बेंझाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी कित्येक वर्षं घ्यावं लागतं. ‘आता हात हलत नाही’ म्हणून ते बंद करणारी कुटुंबं मी पाहतो, आणि मग तीच मुलगी धाप लागून परत येते.

बाकीचं थोडक्यात. दोन वर्षांच्या आतबाहेरच्या बाळाचे डोळे नाचायला लागले, चालताना झोक जायला लागला आणि ते सतत कुरकुरू लागलं, तर छाती-पोटात न्यूरोब्लास्टोमाची (लहान मुलांमधल्या एका कर्करोगाची) गाठ शोधावी लागते. हर्पीसच्या मेंदूज्वरातून बरं झालेलं मूल काही आठवड्यांत पुन्हा बिघडलं, हातपाय वळवायला लागलं, तर प्रत्येक वेळी विषाणू परतलेला नसतो. एका पाहणीत अशा रुग्णांपैकी सुमारे २७ टक्क्यांना नंतर ऑटोइम्यून सूज आली होती. गोवर होऊन गेल्यावर काही वर्षांनी अभ्यासात मागे पडणारं आणि मधूनमधून दचकल्यासारखं वाकणारं मूल एसएसपीईचं, म्हणजे गोवराच्या विषाणूनं मेंदू हळूहळू बिघडण्याच्या आजाराचं, असू शकतं. शरीरात तांबं साठत जाणारा विल्सनचा आजारही मनात ठेवावा लागतो, त्यात यकृत आणि डोळ्यांची तपासणी मदत करते. मात्र यातले बहुतेक आजार तुमच्या भाचीसारखे दोन-तीन आठवड्यांत इतक्या बाजूंनी चढत नाहीत. २०१३ मध्ये एनएमडीएच्या आजाराच्या ५७७ रुग्णांची मोठी पाहणी प्रसिद्ध झाली, त्यात एक तृतीयांशाहून जास्त मुलं होती. ८७ टक्के रुग्णांमध्ये पहिल्या चार आठवड्यांत आठपैकी निदान चार प्रकारची लक्षणं जमलेली होती. एकच लक्षण घेऊन बसलेले जेमतेम १ टक्का.

पूर्वीसारखी होईल का? त्याच पाहणीत दोन वर्षांनी ८१ टक्के रुग्ण आपली कामं आपण करण्याइतके बरे झाले होते. लवकर सुरू झालेला उपचार आणि आयसीयूची गरज न पडणं, या दोन गोष्टींनी निकाल सुधारत होता. पण ‘बरं होणं’ हे डिस्चार्जच्या दिवशी घडत नाही. साधारण जे शेवटी गेलं ते आधी परत येतं : आधी नाडी-श्वास, मग हालचाली कमी होतात, मग नजर स्थिरावायला लागते, मग एखादा शब्द, बहुधा कुजबुजत. वागणं सर्वांत शेवटी. घरी आल्यावर ती चालेल, जेवेल, आणि तरीही एकदम चिडेल, विचार न करता काहीही बोलेल, खूप खाईल, रात्री जागेल. याच महिन्यांत नातेवाईक म्हणतात, ‘आता आजार गेला, ही फक्त शेफारली.’ आजार गेलेला नसतो. अजून वर्ष-दीड वर्ष सुधारणा होत राहते.

शाळेत आधी दोन तास पाठवा. मुख्याध्यापकांना डॉक्टरांचं पत्र द्या, त्यात ‘वागणं हा आजाराचाच भाग आहे’ असं साध्या हिंदीत लिहून घ्या. लक्ष टिकणं, नवं पाठ होणं आणि भरभर लिहिणं यांत ती मागे राहील. गोष्ट समजण्यात तितकी नाही. यंदाची परीक्षा महत्त्वाची नाही. झटक्यांची औषधं जन्मभर लागतात असं नाही, पण ती स्वतःहून थांबवू नका. आयव्हीआयजीनंतर जिवंत लशी, म्हणजे गोवर किंवा कांजिण्यांच्या, बरेच महिने पुढे ढकलाव्या लागतात आणि रिटुक्सिमॅब दिलं असेल तर विचारूनच. धाकट्या भावंडांच्या लशी मात्र वेळेवर होऊ द्या.

हा आजार उलटू शकतो, त्या पाहणीत दोन वर्षांत १२ टक्के रुग्णांचा उलटला. पुढच्या वेळी ताप येण्याची वाट पाहू नका. लागोपाठ दोन रात्री झोप नाही, बोलणं एकदम कमी, किंवा तोंडाची तीच हालचाल पुन्हा दिसली, तर व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.